आवाज कोणाचा, थांबला कोठे? : सामूहिक वादनाच्या घरगुती इलेक्ट्रॉनिक वाद्यांतील दोषशोधाचा इतिहास (१९५१ ते १९९७)

प्रस्तावना

वाद्य दुरुस्त करावयाचे तर बिघाड कोणत्या वाद्यात आहे हे आधी समजले पाहिजे. ही गोष्ट इतकी उघड आहे की, संगीताच्या इतिहासकारांना तिची नोंद घेण्याचे कारण सहसा पडत नाही. सतारीची तार तुटली तर ती सतारवादकाला दिसते. तबल्याचा स्वर उतरला तर तो तबलजीच्या कानाला खटकतो आणि तो हातोडी उचलतो. मैफलीत चार कलावंत बसले असले तरी प्रत्येकाचा नाद त्याच्या पुढ्यातील वस्तूतूनच उमटतो.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात संगीतकारांनी स्वतः जुळविलेल्या, विजेवर चालणाऱ्या सामूहिक वाद्यांत ही सोय उरली नाही. तेथे वादक एका टेबलापाशी, आवाज घडविणारे मंडल दुसऱ्या टेबलावर आणि आवाज बाहेर टाकणारा स्पीकर सभागृहाच्या कोपऱ्यात असे. शिवाय एकाचे मंडल दुसऱ्याच्या मंडलाला तारेने जोडलेले असे. अशा जुळणीत आवाज बंद पडला, क्षीण झाला अथवा एकाच स्वरावर अडकून बसला, तर तो कोणाच्या यंत्रामुळे याचे उत्तर कानाला देता येत नसे आणि पुष्कळदा डोळ्यांनाही देता येत नसे.

या संगीताविषयी जे लेखन झाले आहे त्यात यदृच्छा, अनिश्चितता आणि यंत्रांच्या परस्परसंवादातून आपोआप उद्भवणारा आकृतिबंध या सौंदर्यशास्त्रीय कल्पनांना अग्रस्थान मिळाले आहे. ते अयोग्य नाही. तथापि, वाद्यांची रचना दशकागणिक का बदलत गेली, हे केवळ त्या कल्पनांनी उलगडत नाही. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे की, या बदलांमागे एक अगदी व्यावहारिक प्रश्न उभा होता : हा आवाज कोणाचा आणि तो थांबला कोठे? अमेरिकेतील प्रायोगिक संगीताच्या तीन टप्प्यांतून या प्रश्नाचा येथे मागोवा घेतला आहे.

एकाचे बटण, दुसऱ्याचा नाद

जॉन केज यांची ‘इमॅजिनरी लँडस्केप क्रमांक ४’ ही रचना मे १९५१ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात प्रथम सादर झाली. वाद्ये म्हणून १२ रेडिओ आणि वादक २४. प्रत्येक रेडिओपाशी दोघे. एकाने स्टेशनची सुई फिरवावयाची, दुसऱ्याने आवाजाची पातळी व पोत सांभाळावयाचा. रचनेची पाळी येईतो रात्र बरीच झाली होती, बहुतेक केंद्रांचे प्रसारण संपले होते आणि सभागृहात फारच थोडा आवाज ऐकू आला. श्रोत्यांना तो फजितीचा प्रकार वाटला. केज यांना तसे वाटले नाही. परंतु येथे पुढील सगळ्या इतिहासाची नांदी दिसते. रेडिओतून काही येत नसेल तर सुई फिरविणारा चुकला, आवाजाचे बटण धरणारा चुकला, की मुळात हवेतच काही नव्हते? तिन्ही शक्यतांचा परिणाम एकच, शांतता. श्रोत्याला तर त्या वेगळ्या करता येणे शक्यच नव्हते.

१९६० मध्ये जर्मनीतील कोलोन येथे सादर झालेल्या केज यांच्याच ‘कार्ट्रिज म्युझिक’ने हा पेच अधिक घट्ट केला. ग्रामोफोनची सुई ज्या कार्ट्रिजमध्ये बसते तेथे सुईऐवजी तारेचे तुकडे, पिसे, दातकोरणी अशा वस्तू खोवावयाच्या आणि त्या छेडल्या असता उठणारे सूक्ष्म कंपन अ‍ॅम्प्लिफायरमधून मोठे करून ऐकवावयाचे, अशी ही योजना. वस्तू छेडण्याचे आणि अ‍ॅम्प्लिफायरची बटणे फिरविण्याचे वेळापत्रक प्रत्येक वादक स्वतंत्रपणे तयार करी. त्यामुळे एकजण मन लावून तार छेडीत असता दुसऱ्याने त्याच वाहिनीचा आवाज शून्यावर आणलेला असे. हात हलतो आहे, आवाज मात्र नाही! केज यांनी हा परिणाम जाणूनबुजून पत्करला होता. येथे एक भेद ध्यानात घ्यावयास हवा. रचनाकाराने पत्करलेली शांतता आणि तुटलेल्या तारेमुळे आलेली शांतता यांत कानाला फरक नसला, तरी कार्यक्रमाच्या आधी तासभर टेबलाखाली वाकून जोडण्या तपासणाऱ्या माणसाला तो फरक फार मोठा होता. पहिली अर्थपूर्ण ठरण्यासाठी दुसरी नाहीशी झालेली असणे आवश्यक होते.

२३ जुलै १९६५ रोजी न्यूयॉर्कच्या लिंकन सेंटरमध्ये मर्स कनिंगहॅम यांच्या नृत्यसंचासह ‘व्हेरिएशन्स ५’ सादर झाले. नर्तकांच्या हालचालींनी आवाज सुरू व्हावेत म्हणून रंगमंचावर रॉबर्ट मूग यांनी बनविलेल्या अँटेना उभारल्या होत्या आणि बिली क्लूव्हर यांच्या साहाय्याने प्रकाशसंवेदी घट बसविले होते. रंगमंचावरील दिव्यांच्या झोतात नर्तक आला की घट काम करतील, ही मूळ अपेक्षा प्रत्यक्षात नीट उतरली नाही आणि घट अँटेनांच्या बुंध्याशी हलवावे लागले. दोषशोधाचे हे नमुनेदार उदाहरण होय : कारण सापडले आणि उपाय जागच्या जागी झाला. पण नर्तकाची हालचाल आणि स्पीकर यांच्या मधोमध आणखी एक थर होता. मॅक्स मॅथ्यूज यांनी तयार केलेल्या मिक्सरपाशी बसलेले संगीतकार कोणता आवाज पुढे सोडावयाचा हे ठरवीत. नर्तकाने अँटेनाजवळून झेप घेतली आणि काहीच उमटले नाही, तर ते अँटेनाचे अपयश की मिक्सरवरच्या माणसाची निवड, हे रंगमंचावरून कळण्याचा मार्ग नव्हता.

या गोंधळावरचे एक साधे आणि सुंदर उत्तर केज यांचे सहकारी डेव्हिड ट्यूडर यांनी शोधले. (१९६९ मध्ये अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत मूग सिंथेसायझरचा स्टुडिओ उभारून देणारे ट्यूडर ते हेच, गीता साराभाई यांच्याशी या वर्तुळाचा जुना स्नेह होता.) १९७३ मध्ये न्यू हॅम्पशायर राज्यातील चोकोरुआ येथे तरुण संगीतकारांसमवेत त्यांनी ‘रेनफॉरेस्ट ४’ घडविले. एका मोठ्या जागेत धातूची, लाकडाची, काचेची नाना पिंपे, पत्रे, चाके टांगलेली. प्रत्येक वस्तूला एक ट्रान्सड्यूसर चिकटविलेला, म्हणजे कागदी शंकू नसलेला स्पीकरच. तो त्या वस्तूलाच थरथरावयास लावतो आणि ती वस्तू स्वतःच स्पीकर होते. श्रोते वस्तूंमधून हिंडतात, कान लावतात, काही तर दातांनीही स्पर्श करून पाहतात.

दोषशोधाच्या दृष्टीने या रचनेचे वैशिष्ट्य उघड आहे. आवाज आणि वस्तू पुन्हा एके ठिकाणी आली. पत्रा मुका झाला तर तो पत्राच मुका आहे हे त्याच्यापाशी जाऊन समजते. मग त्याच्या तारेचा मागोवा मागे अ‍ॅम्प्लिफायरपर्यंत घ्यावयाचा. ट्रान्सड्यूसरला सोसवेल त्याहून अधिक शक्ती दिली तर त्याचे वेटोळे जळते. तो जळाला असेल तर बदलावयाचा. अनेक वादक असूनही प्रत्येकाची मालकी स्पष्ट राहिली. पण त्यासाठी एक किंमत मोजावी लागली. एका वादकाची वस्तू दुसऱ्याच्या वस्तूला काही सांगत नव्हती. ती शेजारी शेजारी वाजत होती, एकमेकींमुळे नव्हे.

किम-१ आणि लीग

एकमेकांमुळे वाजणारी यंत्रे घडविण्याचा प्रयत्न कॅलिफोर्नियातील ओकलंड-बर्कली परिसरात झाला. ओकलंडच्या मिल्स कॉलेजमधील समकालीन संगीत केंद्राभोवती जमलेल्या संगीतकारांपैकी जिम हॉर्टन, जॉन बिशॉफ आणि रिच गोल्ड यांनी व त्यांच्यासह डेव्हिड बेहर्मन यांनी १९७८ मध्ये ‘लीग ऑफ ऑटोमॅटिक म्युझिक कंपोझर्स’ हा गट उभा केला. पुढे टिम पर्किस त्यात आले. या गटाचे वाद्य म्हणजे प्रत्येक सदस्याचा एक छोटा संगणक आणि त्या संगणकांना परस्परांशी जोडणाऱ्या तारा. गटाच्या आरंभीच्या मैफली बर्कलीतील ब्लाइंड लेमन या जागेत झाल्या.

हा संगणक म्हणजे एमओएस टेक्नॉलॉजी या कंपनीने १९७६ मध्ये २४५ डॉलरला विक्रीस आणलेला किम-१. त्याला ना पेटी, ना पडदा. एक उघडी मुद्रित पाटी, तीवर १ मेगाहर्ट्झ वेगाने चालणारा ६५०२ प्रक्रियक, सुमारे १ किलोबाइट स्मृती, २३ कळांची फळी आणि सहा आकडे दाखविणारा तांबडा दर्शक. कार्यक्रम (अर्थात संगणकाचा) एकेक संख्या कळफळीवर टिपून भरावयाचा किंवा साध्या कॅसेटवर साठवून पुन्हा चढवावयाचा. वीज क्षणभर गेली तरी स्मृती पुसली जाई आणि कॅसेट पहिल्यापासून चढवावी लागे. टेपरेकॉर्डरचा आवाज थोडा कमीजास्त असला तर संगणकास ती वाचता येत नसे. या यंत्राला स्वतःचा आवाज नव्हता. बाहेरच्या साधनांसाठी राखलेल्या १५ तारांपैकी एखादी झपाट्याने चालू-बंद केली की तिच्यातून टोकदार चौकोनी लहर निघे. अधिक मऊ नाद हवा असेल तर आठ तारा प्रतिरोधकांच्या शिडीवर उतरवून संख्येचे विद्युद्दाबात रूपांतर करणारे मंडल हाताने सोल्डर करावे लागे.

उरलेल्या तारा शेजाऱ्याच्या यंत्राकडे जात. काही ठिकाणी आठ तारांचा जुडगा एकदम एक संख्या पोहोचवी. काही ठिकाणी एकच तार ‘आता लक्ष दे’ एवढीच खूण करी आणि दुसऱ्या संगणकाचे चालू काम थांबवून त्याला वेगळ्या कामास लावी. एकाच्या यंत्राने निवडलेला स्वर दुसऱ्याच्या यंत्राला सुरावटीचा आधार म्हणून मिळे, आणि त्याने काढलेला निष्कर्ष तिसऱ्याकडे जाई. बिशॉफ, गोल्ड व हॉर्टन यांनी १९७८ मध्येच ‘कॉम्प्युटर म्युझिक जर्नल’मध्ये या जाळ्याचे वर्णन प्रसिद्ध केले. जोडण्या काढून टाकल्या की तीन स्वतंत्र प्रक्रिया चाललेल्या ऐकू येतात, जोडल्या की सगळ्या मिळून एखादे मन विचार करीत असल्यासारखे भासते, असे त्यांचे निरीक्षण आहे. हे निरीक्षण गटाच्या सौंदर्यदृष्टीचे सार म्हणून ओळखले जाते. ते दोषशोधाविषयीही तेवढेच महत्त्वाचे विधान आहे, याकडे मात्र क्वचितच लक्ष गेले आहे.

शोधण्याची रीत आणि तिची मर्यादा

मुका झालेला रेडिओ दुरुस्त करण्याची रीत आपल्याकडील गल्लीतल्या दुरुस्ती करणाऱ्याला आणि कॅलिफोर्नियातील संगीतकाराला सारखीच ठाऊक होती. स्पीकरपासून उलटे निघावयाचे. अ‍ॅम्प्लिफायरच्या प्रवेशतारेला हळूच बोट लावले आणि गुरगुर ऐकू आली की स्पीकर व अ‍ॅम्प्लिफायर ठीक. दोष त्याच्या अलीकडे. मग मंडळाचा मध्य गाठावयाचा, तेथे संकेत आहे की नाही पाहावयाचे, आणि ज्या अर्ध्यात तो हरवतो त्याचे पुन्हा दोन भाग करावयाचे. या रीतीच्या मुळाशी एक गृहीतक आहे. संकेत एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे एकाच दिशेने वाहतो आणि मधली जोडणी क्षणभर तोडली तरी उरलेल्या भागांचे वर्तन बदलत नाही.

लीगच्या वाद्यात हे गृहीतक लागू नव्हते. पहिले यंत्र दुसऱ्याचे ऐकते, दुसरे तिसऱ्याचे, तिसरे पुन्हा पहिल्याचे. पहिल्यातला दोष तिसऱ्याच्या स्पीकरमधून ऐकू येई. संशयाने एक तार काढली तर दोषही नाहीसा होई आणि संगीतही. कारण ज्याची तपासणी करावयाची ते वाद्य त्या तारांनीच बनलेले होते. १९७८ च्या लेखातील निरीक्षण नेमके हेच सांगते. वेगळी केलेली तीन यंत्रे तीन निर्दोष यंत्रे ठरू शकत, आणि तरीही जोडलेले वाद्य चालत नसे.

याखेरीज शांततेचेच अनेक प्रकार होते. सोल्डरचा डाग वरून चकचकीत दिसावा आणि आत धातूला धरलेला नसावा, ही पहिली आणि सर्वांत दयाळू शक्यता. हलवून पाहिले की खरखर होते आणि चोर सापडतो. दुसरी अशी की, यंत्र ठणठणीत आहे पण शेजाऱ्याकडून येणाऱ्या खुणेची वाट पाहत थांबले आहे. शेजारीही त्याचीच वाट पाहत असेल तर दोघेही निर्दोष असून वाद्य कायमचे मुके. ‘पहिले आप’च्या लखनवी शिष्टाचारात गाडी सुटून जावी तसा हा प्रकार. तिसरी शक्यता, रचनेनेच या क्षणी शांतता निवडली आहे. या तिन्हींत निवाडा करण्यासाठी सहा तांबड्या आकड्यांचा दर्शक एवढेच साधन होते, आणि संगणक संगीतात गुंतलेला असताना त्याच्याकडून त्या दर्शकावर काही दाखविणेही शक्य नसे. किम-१ वर एकेक आज्ञा पावलापावलाने चालविण्याची सोय होती खरी. पण एक यंत्र पावलापावलाने चालू लागले की त्याचा काळच बदले, आणि काळावर अवलंबून असलेली शेजारची यंत्रे वेगळी वागू लागत.

आवाज येतो पण चुकीचा येतो, हा याहून चिवट वर्ग. कोठेही न जोडलेली प्रवेशतार शून्य वाचत नाही. ती बहुधा एकच वाचते अथवा आसपासच्या विजेच्या गोंगाटाप्रमाणे डोलत राहते. म्हणजे निसटलेली जोडणी संगणकास माहितीचा अभाव म्हणून दिसत नाही, तर निराळी माहिती म्हणून दिसते, आणि तो तिच्यावर इमानाने सूर बेततो. दुसरा चिवट दोष भूतारेचा. सगळ्या यंत्रांची शून्य पातळी एक नसेल तर एकाचे ‘एक’ दुसऱ्याला ‘शून्य’ वाटू शकते. म्हणून त्या जोडाव्याच लागतात. पण प्रत्येक यंत्र आधीच आपापल्या प्लगमधून जमिनीशी जोडलेले असेल तर या नव्या जोडणीने वर्तुळ पूर्ण होते आणि घरगुती विजेची घरघर सगळ्यांच्या स्पीकरमध्ये शिरते. अमेरिकेत ती ६० हर्ट्झची, आपल्याकडे ५० हर्ट्झची. ही घरघर कोणा एकाच्या यंत्रात नसतेच. ती जोडण्याच्या कृतीतून जन्मते. सामूहिक वाद्याचा खास स्वतःचा असा दोष कोणता, असे विचारल्यास याच्याकडे बोट दाखवावे लागेल.

अशा वाद्याला जुळणीसाठी वेळ लागणार हे ओघानेच आले. बर्कलीतील फिनिश हॉलमध्ये एक आड एक रविवारी दुपारी हा गट जमे. काही तास यंत्रे जोडण्यात जात. मग जाळे एखाददोन तास वाजत राही आणि सदस्य मधूनमधून काहीतरी दुरुस्त करीत असत. श्रोते येत-जात, प्रश्न विचारीत, कोणी आपले स्वतः बनविलेले मंडल दाखवावयास घेऊन येई. तंबोरे जुळवून झाल्यावर मैफल सुरू होते, तशी येथे जुळवणी आणि मैफल यांच्यात सीमारेषा उरली नव्हती. या मोकळेपणाचे पुष्कळ कौतुक झाले आहे. त्याचे एक कारण मात्र अगदी साधे असावे. या वाद्याची जुळवणी कधी पुरी झाली हे निश्चित सांगण्याची कसोटीच उपलब्ध नव्हती.

हॉर्टन यांना सांधेदुखीच्या असाध्य विकाराने ग्रासल्यावर १९८३ मध्ये लीगचे काम थांबले. १९९८ मध्ये त्यांचे निधन झाले. हाताने सोल्डर करणाऱ्यांच्या कलेत बोटांच्या सांध्यांचे दुखणे काय करते, हे वेगळे सांगण्याची गरज नाही.

टपालपेटी

बिशॉफ आणि पर्किस यांनी पुढे जे केले ते लीगच्या अनुभवातून थेट निघालेले होते. प्रत्येक जोडीसाठी वेगळी जोडणी, प्रत्येक मैफलीसाठी नवे सोल्डरकाम, या पद्धतीने उभे केलेले जाळे नाजूक असे आणि पुन्हा तसेच उभे करता येत नसे. १९८५-८६ च्या सुमारास त्यांनी एक किम-१ संगणक संगीतातून काढून घेतला आणि त्याला टपालपेटीचे काम दिले. प्रत्येक वादकाच्या यंत्राने आपल्याविषयीची माहिती त्याच्या स्मृतीत ठेवावयाची. इतरांनी हवी तेव्हा ती वाचावयाची. १९८६ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत ‘द नेटवर्क म्यूझ’ हा संगीतोत्सव झाला आणि या मध्यवर्ती पेटीभोवती ‘द हब’ हा गट आकारास आला. त्यात बिशॉफ व पर्किस यांच्यासह मार्क ट्रेल, फिल बर्क, स्कॉट ग्रेशॅम-लँकेस्टर आणि ख्रिस ब्राउन हे सहाजण होते.

वरकरणी हा बदल केवळ सोयीचा वाटतो. प्रत्यक्षात त्याने बिघाडाचा स्वभावच बदलला. आता एकाची तार काढली तरी इतर पाचांची जोडणी अबाधित राही. पेटीत कोणती संख्या पडली आहे हे वाचता येई. ती बरोबर असेल तर दोष वाचणाऱ्याकडे, चुकीची असेल तर लिहिणाऱ्याकडे. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याला जो मध्यबिंदू लागतो आणि लीगच्या वर्तुळात जो कोठेच नव्हता, तो येथे पुन्हा निर्माण झाला. शिवाय कोणी कोणाची वाट पाहत थांबण्याचे कारण उरले नाही. मात्र एखादे यंत्र बंद पडले तर त्याची शेवटची संख्या पेटीत तशीच राही आणि इतर यंत्रे ती ताजी समजून वाजवीत राहत. पूर्वी बिघाड म्हणजे शांतता. आता बिघाड म्हणजे शिळी बातमी. कानाला ती शांततेहून अधिक फसवी असते, कारण सगळे सुरळीत चालल्यासारखे वाटते.

१९९० नंतर हबने आपली पेटी सोडून मिडी या प्रमाणित पद्धतीवर आधारलेली, ऑपकोड कंपनीच्या ‘स्टुडिओ फाइव्ह’ यंत्रावर चालणारी रचना स्वीकारली. १९८३ मध्ये निरनिराळ्या कंपन्यांच्या वाद्यांना एकमेकांशी बोलता यावे म्हणून ठरलेल्या मिडीत एक तरतूद अशी आहे की, संकेत घेणाऱ्या टोकाशी तारेतली वीज प्रथम प्रकाशात बदलते आणि तो प्रकाश पलीकडे पुन्हा विजेत. दोन वाद्यांमध्ये विजेचा सलग मार्ग राहत नाही आणि म्हणून भूतारेचे वर्तुळ पूर्ण होत नाही. सामूहिक वाद्याचा तो खास दोष, ती घरघर, या इवल्याशा प्रकाशघटाने मिडीच्या तारांपुरती तोडून टाकली. व्यापारी मानकात दोषशोधाचे शहाणपण कसे मुरते याचे याहून चांगले उदाहरण मिळणे कठीण.

नव्या व्यवस्थेत निरोप पेटीत पडून राहत नव्हता. तो थेट ज्याच्या त्याच्याकडे जाई आणि कोणाकडून आला हेही कळे. शिळ्या बातमीचा दोष गेला. त्याच्या जागी मिडीचा प्रसिद्ध अडकलेला स्वर आला : ‘स्वर सुरू’ हा निरोप पोहोचतो, ‘स्वर बंद’ हा वाटेत हरवतो आणि नाद थांबतच नाही. यावर ‘सर्व स्वर बंद’ असा एक ठोक निरोप मानकातच आहे. तो निदान न करता दिलेला उपचार होय. पर्किस यांची १९९१ मधील ‘वॅक्सलिप्स’ ही रचना या व्यवस्थेची जणू परीक्षाच घेते. स्वर वाजविण्याची विनंती आली की तो वाजवावयाचा, विनंतीत आपल्या नियमाने काही बदल करावयाचा आणि ती दुसऱ्या कोणाकडे धाडावयाची, एवढाच तिचा नियम. कोणा एकाच्या यंत्राने निरोप गिळले तर संगीत विरळ होत जाणार. एकाचे दोन केले तर पूर येणार. कमीत कमी नियमांची रचना म्हणून तिची वाखाणणी होते. जाळे तपासण्यासाठी याहून चोख चाचणी एखाद्या अभियंत्यालाही सुचली नसती, असेही म्हणता येईल.

येथे एका प्रश्नाला बगल देता येत नाही. दोष सापडू लागला तेव्हा काही हरवलेही काय? लीगच्या संगीताचे मनासारखे भासणे हे ज्या नाजूक, अर्धवट समजलेल्या जोडण्यांतून आले, त्याच जोडण्या दोषशोधाला अभेद्य होत्या. हबचे संगीत अधिक विश्वासार्ह आणि पुनःपुन्हा सादर करण्याजोगे झाले. प्रत्येक रचनेला नाव, नियम आणि रचनाकार मिळाला. लीगमध्ये तसे नव्हते. तेथे आपापला कार्यक्रम प्रत्येकाचा आणि जाळे कोणाचेच नाही. ज्या वाद्यात दोष कोणाचा हे सांगता येत नाही, त्यात श्रेय कोणाचे हेही सांगता येत नाही. पहिला प्रश्न सुटला तसा दुसराही सुटला, आणि त्या सुटण्याने संगीताचे स्वामित्व पुन्हा एकेका व्यक्तीकडे परतले. हा बदल लाभाचा की तोट्याचा, यावर दोन्ही बाजूंनी बोलता येईल. तथापि, लीगच्या १९७८ ते १९८३ या काळातील जी ध्वनिमुद्रणे २००७ मध्ये प्रसिद्ध झाली ती ऐकता, तोट्याची बाजू दुर्बळ नाही असेच वाटते.

खोली

आतापर्यंतच्या सर्व टप्प्यांत एक साधन गृहीत धरलेले होते. इतके गृहीत की त्याचा उल्लेखही होत नसे. ते म्हणजे एक खोली. वादक एकमेकांना पाहत होते, ओरडून विचारू शकत होते, उठून दुसऱ्याच्या टेबलापाशी जाऊ शकत होते. १९८७ मध्ये न्यूयॉर्कमध्ये हबच्या सहा जणांनी तिघातिघांचे दोन गट करून शहरातील दोन वेगळ्या जागी, एक्सपेरिमेंटल इंटरमीडिया फाउंडेशन आणि क्लॉकटॉवर येथे, एकाच वेळी वादन केले. दोन्ही जागांतील पेट्या टेलिफोनच्या तारेवर मोडेमने जोडल्या होत्या. तो प्रयोग पार पडला. प्रत्येक जागी तिघे होते आणि त्यांचे आपसातील जाळे पूर्वीसारखेच एका खोलीतले होते, हे येथे विसरून चालणार नाही.

१९९७ मध्ये ‘पॉइंट्स ऑफ प्रेझेन्स’ या कार्यक्रमात हबने मिल्स कॉलेज, कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ द आर्ट्स आणि अ‍ॅरिझोना स्टेट युनिव्हर्सिटी ही तीन ठिकाणे इंटरनेटने जोडली. मधल्या दहा वर्षांत संगणक कितीतरी पटींनी शक्तिमान झाले होते आणि तारा सोल्डर करण्याचे दिवस कधीच मागे पडले होते. तरीही निरनिराळ्या शहरांतील, निरनिराळ्या प्रणालींवर व निरनिराळ्या वेगांनी चालणाऱ्या यंत्रांवरील आज्ञावलींचे दोष काढणे अपेक्षेहून फार अवघड गेले. प्रत्यक्ष मैफलीत खऱ्या अर्थाने जाळ्यातले संगीत जेमतेम दहा मिनिटे वाजू शकले. बिशॉफ आणि ब्राउन यांनी पुढे हा प्रयोग तांत्रिक व कलात्मक अशा दोन्ही अर्थांनी अयशस्वी ठरल्याची स्पष्ट कबुली दिली. अशी कबुली कलावंतांच्या लेखनात विरळाच.

या अपयशाचे खापर सहसा त्या काळच्या इंटरनेटवर फोडले जाते. ते स्पष्टीकरण अपुरे आहे. स्वरांचे निरोप वाहून नेण्यास फार मोठी क्षमता लागत नाही. १९८७ मध्ये ते काम टेलिफोनच्या एका तारेने केले होते. तुटला होता तो दुवा वेगळाच. ओकलंडमध्ये स्पीकर गप्प असला तर तेथील वादकाला अ‍ॅरिझोनातला सहा फुटांवरचा माणूस दिसत नव्हता. त्याचा हात बटणावर आहे की तो टेबलाखाली वाकून तार शोधतो आहे, यावरून पूर्वी जे अर्ध्या क्षणात समजे ते आता कोणत्याही निरोपात नव्हते. जाळ्यात फक्त वाजवावयाची माहिती फिरत होती. ‘माझे काहीतरी बिघडले आहे’ हे सांगणारी वाहिनी कोणी आखलेली नव्हती, कारण ती आखण्याची वेळच याआधी कधी आली नव्हती. ते काम आजवर खोलीने केले होते.

या कार्यक्रमानंतर हबचे एकत्रित वादन काही वर्षे थांबले. नव्या शतकाच्या पहिल्या दशकात सहाही जण पुन्हा एकत्र वाजवू लागले, ते आपापले संगणक एकाच सभागृहात, शेजारी शेजारी मांडून.